खुली जवारी

कान फक्त ऐकतो, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. तो बोलतोही, हे दस्तगीर शिकलगारांना सहासष्टाव्या वर्षी कळले, आणि कळले तेही पोटच्या मुलीकडून.

२०४३ सालचा अश्रुत महोत्सव इचलकरंजीच्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीत भरायचा होता. हा नव्या संगीताचा महोत्सव. ओळखीचा राग ऐकावा, मान डोलवावी आणि घरी जावे, असा तिथला मामला नव्हता. एकाने गिरणीच्या गंजलेल्या चात्यांना मायक्रोफोन चिकटवून त्यांची कुरकुर वाजवायला घेतली होती. दुसरीने पाण्याने भरलेल्या सहा पिंपांत व्हायोलिनचे सूर सोडले होते. पिंपाला कान लावून ते ऐकायचे. या सगळ्यांत जास्त गाजावाजा मृदुला हेरवाडकर यांच्या ‘श्रोता’ या रचनेचा होता. मृदुलाताई ‘षड्जेतर’ नावाच्या वाद्यवृंदाच्या प्रमुख. अर्धे आयुष्य व्हायोलिन वाजवण्यात आणि उरलेले अर्धे लोकांना नको ते ऐकायला लावण्यात घालवले, असे बाई स्वतःच सांगत.

‘श्रोता’साठी गिरणीच्या लांबलचक शेडमध्ये चाळीस तंबोरे उभे केले होते. त्यांतले सदतीस दस्तगीरांनी मिरजेच्या आपल्या कारखान्यात गेल्या दोन वर्षांत तयार केलेले, आणि तीन गवयांच्या घरून मागून आणलेले जुने. त्यांच्याही घोड्या दस्तगीरांच्याच हातच्या. प्रत्येकाच्या तारांखाली बोटाएवढे विद्युतचुंबक बसवले होते. चुंबक पोलादी तारेला झुलवतो, पण खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार पितळी असते, तिला तो हलवू शकत नाही. म्हणून वाद्यवृंदातली चार माणसे तंबोऱ्यांमधून फिरत खर्ज तेवढा बोटाने छेडणार होती. बाकीच्या तारांनी काय वाजवायचे, ते श्रोत्यांचे कान ठरवणार होते.

ते कसे, हे दस्तगीरांना यास्मिनने समजावून सांगितले होते. यास्मिन त्यांची एकुलती एक मुलगी. म्हैसूरला जाऊन श्रवणशास्त्र शिकली आणि आता हे यंत्र घेऊन बापाच्याच गावाशेजारी आली होती.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी रांगेने उभ्या असतात. तोंडाशी असतात त्या उंच स्वरांच्या, आत गाभ्याकडच्या खालच्या स्वरांच्या. आवाज आला की यांतल्या काही पेशी नुसत्या हलत नाहीत, त्या नाचू लागतात, आणि त्या नाचामुळेच बारीक आवाज आपल्याला मोठा होऊन ऐकू येतो. माडीवर कुणी नाचले की खाली धप धप ऐकू येते ना, तसा या नाचाचाही अगदी पुसट आवाज कानातून बाहेर पडतो. तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही, हे डॉक्टर कित्येक वर्षांपासून याच आवाजावरून ओळखतात. बाळाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या कानाला विचारायचे. यास्मिनच्या यंत्रात नवे होते ते एवढेच, की आजूबाजूला संगीत चालू असतानाही कानात घातलेली तिची मऊ टोपी हा आवाज वेगळा काढू शकत असे. माणूस एखाद्या स्वराकडे लक्ष देतो, तेव्हा मेंदू त्या पेशींना इशारा करतो आणि त्यांचा नाच किंचित बदलतो. तो बदल यंत्र टिपते आणि चुंबकांना कळवते. थोडक्यात, तुम्ही ज्या स्वराकडे कान द्याल, तोच स्वर तंबोरे तुमच्यासाठी वाढवणार.

“म्हणजे ऐकणाराच वाजवणार,” दस्तगीर म्हणाले होते. “मग वाजवणाऱ्यांना घरी पाठवा की.”

पहिली चाचणी सोमवारी सकाळी झाली. श्रोते म्हणून नगरपालिकेच्या शाळेतली चौथीची तीस मुले बोलावली होती. त्यांच्या कानांत टोप्या बसवून बुगडे गुरुजींनी त्यांना सतरंजीवर बसवले. खर्ज छेडला गेला, तारा झुलू लागल्या. मिनिटभर मुले मान वर करून पाहत राहिली. मग एकीने कानांवर हात ठेवले, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता निम्म्या वर्गाने कान झाकून घेतले. म्हेत्रे आडनावाची एक मुलगी, कस्तुरी, टोपी काढून सरळ बाहेर जाऊन उभी राहिली. आत काहीतरी टोचतंय, असे तिने गुरुजींना सांगितले.

गुरुजींना वाटले, मुलांनी मिळून टवाळी मांडली आहे. ते स्वतः पंचावन्नचे. त्यांना काहीच टोचले नव्हते. मृदुलाताईंनाही किंचित चरचर वाटली एवढेच. दस्तगीरांना तर आवाज नेहमीसारखाच गोड लागला. त्यांनी छातीला हात लावून सांगितले की जवारीत खोट नाही. चुंबकाचे काय ते यास्मिनने बघावे.

इथे जवारीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तंबोऱ्याच्या तारा एका रुंद पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला केसाएवढा उतार असतो. झुलणारी तार त्या उतारावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. या घासण्यातून मूळ स्वराच्या डोक्यावर उंच उंच स्वरांची झालर उमटते. तीच जवारी. उतार कमी ठेवला तर झालर मोठी आणि झगझगीत; ती खुली जवारी. जास्त ठेवला तर आवाज गोल आणि दबलेला, ती बंद. हा उतार कानशीने घासून काढतात, आणि कुठे थांबायचे ते कारागिराचा कान सांगतो. शिकलगारांकडे एक रीत होती. जवारी काढताना वाद्याच्या मालकाला समोर बसवायचे नाही आणि त्याचे मत विचारायचे नाही. पूर्वजांनी तलवारींना धार लावली तेव्हा शिपायाला विचारले नव्हते, असे दस्तगीरांचे वडील सांगत.

दुपारी शेडमध्ये दुसरे कुणी नसताना दस्तगीर खुर्चीवर बसले आणि यास्मिनला म्हणाले, लाव ती टोपी मला, म्हणजे एकदाचा त्या शाळेतल्या मुलांचा आणि माझा निकाल लागेल. यास्मिनने टोपी बसवली. यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटू लागली. मग तिने टोपी काढली, पुसली आणि पुन्हा बसवली. पुन्हा काढली, बॅटरीचा उजेड टाकून त्यांच्या कानात डोकावून पाहिले आणि म्हणाली, यंत्राची तार सैल असावी, उद्या बघू.

दस्तगीरांनी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते.

“तार सैल नाही,” ते म्हणाले. “काय दिसलं ते सांग.”

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. खालच्या स्वरांपाशी रेघ चांगली डोंगरासारखी उठत होती. मधे ती उतरली, आणि तिथून पुढे उजवीकडच्या टोकापर्यंत ती जमिनीला चिकटून सपाट गेली होती. तिथल्या पेशी नाचत नव्हत्या. यास्मिनने हळू आवाजात सांगितले की हे एका दिवसाचे नाही. कानशीच्या किरकिरीत बसून बसून पंधरा-वीस वर्षांत झाले असेल. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी आधी जातात, आणि गेल्या की परत येत नाहीत. श्रवणयंत्राने थोडी मदत होईल, पण जो नाच थांबला तो थांबलाच.

ते चिडले. बापाचा कान तपासायला म्हैसूरला धाडले होते काय, असे विचारून ते उठून बाहेर गेले आणि गिरणीच्या भोंग्याच्या खांबापाशी बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा मात्र राग उतरलेला होता. चेहऱ्यावर, नवे लाकूड हातात आले की यायचा तसा भाव होता.

“समजा तुझी रेघ खरी आहे,” ते म्हणाले. “तर मग ती माझ्या कामात दिसायला पाहिजे.”

मागून आणलेले तीन तंबोरे त्यांनी ओळीने मांडले. प्रत्येक घोडीच्या पोटाशी पेन्सिलीने तारीख घालायची त्यांची सवय होती. एकावर २०२१, दुसऱ्यावर २०२९, तिसऱ्यावर २०३७. चौथा त्यांनी याच महिन्यातला घेतला. चारही एकाच सुरात लावून छेडले. दस्तगीरांच्या कानाला चारही सारखे लागले. एका आईची लेकरे, असे ते म्हणाले. मग यास्मिनने त्यांचा आवाज पडद्यावर मांडला. पहिल्या तंबोऱ्याची झालर मध्यावर संपत होती. दुसऱ्याची त्याहून वर गेली होती, तिसऱ्याची आणखी वर, आणि चौथ्याची पडद्याचे टोक गाठून उभी होती.

दस्तगीर चष्मा सरसावून बराच वेळ पाहत राहिले. कोडे हळूहळू सुटत गेले. कानातला एकेक स्वर विझत गेला तसतशी त्यांना जवारी मंद वाटू लागली असणार. मग ते आणखी घासत राहिले, पूर्वीइतकी झगझग ऐकू येईपर्यंत. त्यांच्या कानात आवाज तोच राहिला, पण बाहेर दर वर्षी तो अधिक तीक्ष्ण होत गेला. आणि कुणी हरकत घेतली नाही. उलट लोकांनी त्याला मिरजेची नवी खुली जवारी म्हणून डोक्यावर घेतले. ‘षड्जेतर’चे नाव त्या आवाजावरच झाले. वाखाणणारे बहुतेक त्यांच्याच वयाचे होते, हे आता त्यांच्या लक्षात आले.

यास्मिनने तोवर मनाशी काहीतरी ठरवले होते.

“अब्बा, चुंबकाचा जोर जास्त झाला होता, असं मी मृदुलाताईंना सांगते. वरचे स्वर यंत्रातच दाबून टाकते. रविवारच्या प्रयोगात मुलांना त्रास होणार नाही. ही रेघ आपल्या दोघांतच राहील.”

त्यात खोटे फारसे नव्हतेही. मुलांचे कान वरचे स्वर टिपत होते, चुंबक तेच वाढवत होते, वाढले की मुलांचे कान आणखी टिपत होते. चक्र यास्मिनला कुठेही तोडता आले असते. आणि दुसरी बाजू दस्तगीरांना पुरती ठाऊक होती. मिरजेत लोक वाद्य आणत ते भोपळ्यासाठी नव्हे, दस्तगीरांच्या कानासाठी. तो कानच गेला आहे असे एकदा बाहेर पडले, की कारखान्याच्या दारात कोण येणार?

त्यांनी उद्या सांगतो म्हटले. बसने मिरजेला परतताना त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. जयसिंगपूरच्या एका गायनशिक्षिका दोन वर्षांपूर्वी तक्रार घेऊन आल्या होत्या. हल्लीची मुले तंबोऱ्याला कान लावून बसत नाहीत, बसवले तर मान बाजूला घेतात. दस्तगीर हसून म्हणाले होते, हल्लीच्या मुलांना बूडच नाही, बसतील कशी. बाईंचा तंबोरा त्यांच्याच हातचा होता. आणि तसली जवारी आता मिरजेतले आणखी चार कारखाने काढत होते, त्यांचे बघून. शेकडो तंबोरे, आणि प्रत्येकाशेजारी मान बाजूला घेतलेले एखादे पोर. गुरूच्या तंबोऱ्याला नावे ठेवायची नसतात म्हणून गप्प बसलेले. यास्मिनने यंत्रात काहीही दाबले, तरी त्या पोरांच्या कानाशी यंत्र नव्हते.

मंगळवारी सकाळी त्यांनी मृदुलाताईंना सगळे सांगितले. चारही तंबोऱ्यांची रेघ दाखवली, स्वतःचीही दाखवली. बाई मांडी घालून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “म्हणजे गेली आठ वर्षं मी तुमच्या बहिरेपणाच्या प्रेमात आहे म्हणायचं, चाचा?”

“तुम्ही एकट्या नाही,” दस्तगीर म्हणाले. “पुष्कळ आहेत.”

मृदुलाताई खळखळून हसल्या, मग गंभीर झाल्या. त्यांनी यास्मिनला आपला कान तपासायला लावला. त्यांचीही रेघ टोकाला खचलेली निघाली. त्यावर त्यांनी निर्णय दिला तो त्यांच्या स्वभावाला धरून होता. हा आवाज चुकून जन्मला असेल, पण त्यावर त्यांनी संगीत रचले होते. ते त्या फेकणार नव्हत्या. वीस तंबोरे आहेत तसे राहतील. उरलेल्या विसांवर दस्तगीरांनी नवी जवारी काढावी, मुलांना ऐकता येईल अशी. दोन्हींच्या मधून लोक हिंडतील.

“मला जे ऐकूच येत नाही, ते मी घासू कसं?” दस्तगीरांनी विचारले.

“ते तुम्ही शोधायचं. माझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे.”

एरवी ते दिवसाला दोन घोड्या करत. आता चार दिवसांत वीस करायच्या होत्या. यास्मिन तारा उतरवून देई आणि पुन्हा चढवी. २०२१ सालची घोडी त्यांनी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून तिच्या माथ्यावरून अंगठा फिरवला. त्या वर्षीचा कान गेला होता, पण त्या कानाने काढलेला उतार हाताला लागत होता. अंगठ्याने मोजायचे, कानशीने घासायचे, उजेडासमोर धरून तार आणि घोडी यांच्यामधली फट बघायची. मग यास्मिनच्या पडद्यावर झालर पाहायची. पहिल्या दोन घोड्या पडद्यावर बरोबर आल्या, पण बऱ्या आहेत की नाहीत हे त्यांना सांगता येईना. तेव्हा त्यांनी बुगडे गुरुजींना निरोप पाठवला, की रोज मधल्या सुट्टीत चार मुले धाडा.

बापजाद्यांची रीत तिथे मोडली. मालक सोडाच, चौथीतल्या पोरांना समोर बसवून ते विचारू लागले. पहिल्या दिवशी मुले नुसती छान आहे म्हणाली. दस्तगीरांना ते चालेना. छान म्हणजे कसे, ते त्यांना हवे होते. दुसऱ्या दिवशी मुलांच्या तोंडून शब्द फुटू लागले. एकाला आवाज बर्फाच्या गोळ्यासारखा लागला, एकाला पितळेच्या घागरीत खडा फिरवल्यासारखा. कस्तुरी सगळ्यांत कडक परीक्षक निघाली. सातव्या तंबोऱ्याला तिने नाक मुरडले. पडद्यावर त्यात काही वावगे दिसत नव्हते, तरी दस्तगीरांनी घोडी पुन्हा अंगठ्याखाली घेतली, तर एका तारेखाली नखाला जेमतेम जाणवेल एवढा उंचवटा राहून गेला होता. तो घासल्यावर कस्तुरीने मान डोलवली. यास्मिनने आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतले आणि वडिलांना म्हणाली की पडद्याची आखणी आणखी बारीक करायला हवी.

शनिवारपर्यंत बातमी मिरजेत पोहोचली होती. दस्तगीरांनी ती लपवली नाही. वाद्य बनवणाऱ्या चारही कारखानदारांना त्यांनी स्वतः फोन करून आपल्या कानाची आणि त्यांच्या जवारीची गोष्ट सांगितली. एकाने आभार मानले. एकाने ऐकून घेतले आणि फोन ठेवला. तिसरा म्हणाला, आता मशीन घेऊन बसणार का दुकानात?

“मशीन कशाला?” दस्तगीर म्हणाले. “ऐकणाऱ्याला घेऊन बसेन.”

चौथ्याने फोन उचललाच नाही. त्याच दिवशी रत्नागिरीहून एका गवयाचा निरोप आला, की दुरुस्तीला पाठवायचा तंबोरा तूर्त राहू दे. दस्तगीरांनी तो निरोप यास्मिनला वाचून दाखवला आणि सतरावी घोडी हातात घेतली.

रविवारी दुपारी शेड भरून गेली. सुरुवातीला मृदुलाताईंनी दस्तगीरांना पुढे बोलावले. त्यांनी दोनच वाक्ये सांगितली. उजवीकडचे वीस तंबोरे माझ्या आजच्या कानाने लावलेत, डावीकडचे वीस या मुलांच्या कानाने. मधे भिंत नाही, हवे तिकडे जा. पुढच्या रांगेतले काही जण एकमेकांकडे पाहू लागले. मागे कुणीतरी कुजबुजले. मग खर्ज छेडला गेला आणि कुजबुज थांबली.

लोक हिंडू लागले. कुणी सांगितले नव्हते, तरी पाच-दहा मिनिटांत पांढऱ्या केसांची बरीच माणसे उजवीकडे सरकली आणि मुले डावीकडे गोळा झाली. मधल्या वयाची माणसे इकडून तिकडे चकरा मारत राहिली. ज्या तंबोऱ्यापाशी गर्दी व्हायची त्याच्या तारा जिवंत व्हायच्या, गर्दी हलली की त्याचा आवाज ओसरायचा. एक म्हातारे गृहस्थ उजवीकडच्या टोकाला डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्यापुढचा तंबोरा त्यांच्या एकट्यासाठी झगझगत होता. यास्मिन पडद्यापाशी बसून दोन्ही बाजूंच्या रेघा पाहत होती. पण तिचे लक्ष वडिलांकडेही होते. ते उजवीकडे जातील, असे तिला वाटले होते. तिथे त्यांना सगळे ऐकू आले असते.

दस्तगीर डावीकडे गेले. मुलांच्या मधोमध उभे राहून त्यांनी कान दिला. त्यांनी स्वतः काढलेली जवारी त्यांना मिठाशिवायच्या आमटीसारखी लागली. नुसती तार, तिच्यावर काहीच नाही. आजूबाजूला मात्र तीस मुले तोंडे उघडी टाकून उभी होती. एकाचाही हात कानाकडे गेला नव्हता.

कस्तुरी सातव्या तंबोऱ्यापाशी होती. ते तिच्याशेजारी जाऊन उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात विचारले, काय वाजतंय.

“खाली तार वाजतीया,” ती म्हणाली. “तिच्यावर एक बारीक हाय, पिपाणीसारखं. त्याच्यावर आणखी एक.”

दस्तगीरांनी मान तिरकी केली. दुसरे त्यांना ऐकू आले, की आल्यासारखे वाटले, ते त्यांनाच कळेना.

“आणि त्याच्यावर?”

“त्याच्यावर लई पातळ हाय. काचेसारखं. ते हलतंय.”

“हलतं म्हणजे कसं? वर जातं का खाली?”

“वर.”

“आणि त्याच्याही वर?”

“थांबा की,” कस्तुरी म्हणाली. “ऐकू द्या मला.”

दस्तगीर तिचे डोळे कुठवर चढतात ते पाहत राहिले.